मोआची बोट धरत नाही

फांगदादांचा उजवा गाल गुळगुळीत झाला होता, डाव्यावर साबणाचा फेस तसाच होता, आणि पी-युनने वस्तरा खाली ठेवला.

"काय गं, झोप लागली का?" दादांनी डोळे न उघडताच विचारलं.

"दादा, मोआची बोट धरत नाहीये."

मोआची ही तिची शुगर ग्लायडर. खारीसारखा दिसणारा, हवेत झेप घेणारा, तळहातावर मावणारा राखाडी जीव. दिवसभर पी-युनच्या गळ्यातल्या कापडी पिशवीत झोपायची आणि दिवेलागणीला आरशावरून थेट गिऱ्हाइकाच्या टकलावर झेपावायची. तैवानमधल्या कीलुंग बंदराजवळच्या तिच्या छोट्या सलूनमध्ये काही म्हातारे डोक्यावर केस नसतानाही यायचे, ते तिच्यासाठीच.

पिशवीत बोट घातलं की ती झोपेतही घट्ट पकडायची. आज तिने पकडलं नाही. शेजारच्या खुर्चीवर ठेवली तर पुढच्या पायांवर सरपटली; मागचे दोन्ही पाय ओल्या चिंधीसारखे फरफटत आले. अंग गार पडलं होतं. आणि पोटाखाली एक फुगवटा.

"गाठ आहे, दादा." पी-युन म्हणाली.

"चहा पाज चमचाभर!"

तिने प्राण्यांच्या दवाखान्यात फोन लावला. तिथली मुलगी ओरडलीच, "काही पाजू नका! ठसका लागून श्वास अडकेल. साखरपाण्याचं बोट हिरडीला लावा, अंगाशी ऊब द्या आणि निघा. इवले जीव वाट बघत नाहीत."

पी-युनने मोआचीसकट पिशवी स्वेटरच्या आत घेतली आणि स्कूटर काढली. फांगदादा फेसावरच हेल्मेट चढवून मागे बसले.

"तुम्ही कशाला?"

"अर्ध्या दाढीनं घरी गेलो तर बायको आत घेईल का?"

पी-युन अठ्ठावन्न वर्षांची. भावांची शिक्षणं झाली, मग वडिलांचं आजारपण. मधे दोन स्थळं आली तशी गेली. तिला त्याची खंत नव्हती. हातात कला होती, जिभेला धार होती. मोआचीला भाचीने दिलं होतं, "एकटी कंटाळशील" म्हणून. मग मोआची एकटी कंटाळेल म्हणून पी-युनने एक नरही आणला होता.

दवाखान्यात ती छातीवर हात धरून बसली. आतली हालचाल जाणवतेय की आपलंच काळीज, तिला कळेना.

"मोआचीची आई! आत या!"

पी-युनने मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

"अगं, तुलाच बोलावतायत," दादा म्हणाले.

ती उठली. एप्रनवरचे केस झटकले आणि म्हणाली, "आले."

डॉक्टर शाव या तिशीतल्या बाई. त्यांनी मोआचीच्या पाठीची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली. "पाणी कमी झालंय. खायला काय देता?"

"सफरचंद, पपई. सोलून, बारीक चिरून."

"लाड झाले, पोषण नाही झालं. कॅल्शियम संपलंय, म्हणून पाय गेले. उद्या आणली असतीत तर अवघड होतं."

दोन सुया टोचल्या. मग डॉक्टरांनी पोटाखाली हळूच बोट फिरवलं, भिंग लावलं आणि हसायला लागल्या.

"गाठ?" पी-युनने कसंबसं विचारलं.

"कांगारूसारखी पोटाची पिशवी आहे ती. आत दोन पिल्लं आहेत. आईच्या हाडातलं सगळं तीच ओढतायत. नर आहे ना घरी?"

"विकणारा म्हणाला होता, त्याचं ऑपरेशन झालंय!"

"तो खोटं बोलला. अभिनंदन, आजी!"

"अर्ध्या तासात आई आणि आजी!" फांगदादा दारातून गरजले. "आमच्या हिला नुसतं आई व्हायलाच आठ वर्षं लागली!"

पी-युन हसली, हसता हसता नाक पुसलं. उबेच्या दिव्याखाली ठेवलेल्या मोआचीने बऱ्याच वेळाने हात पुढे केला आणि तिच्या करंगळीचं टोक पकडलं. मागचा एक पायही किंचित हलला.

"काही आठवडे उड्या बंद," डॉक्टर म्हणाल्या. "छोट्या पिंजऱ्यात ठेवा. फळं कमी, मी सांगते तो खुराक सुरू करा. आणि पाय पुन्हा ढिले वाटले तर थांबू नका."

परतताना पी-युनने स्कूटर एवढी हळू चालवली की मागच्या टॅक्सीने हॉर्नवरचा हात उचललाच नाही. सिग्नलला शेजारी एक तरुण बाई थांबली; तिच्या छातीशी झोळीत तान्हं बाळ होतं. तिने पी-युनच्या स्वेटरचा फुगवटा आणि त्यावरचा जपून ठेवलेला हात पाहिला.

"केवढं आहे?" तिने हसून विचारलं.

"अजून डोळेसुद्धा उघडले नाहीत," पी-युन म्हणाली आणि स्वेटरची कड वाऱ्याच्या बाजूने नीट ओढून घेतली.