नारळासकट पास

काळं लोखंड आणि पांढरं स्टेनलेस यांचं जुळत नाही, ही बातमी सोलापूरच्या त्या मिलमध्ये स्टेनलेसच्या आधीच येऊन पोचली होती. साल छत्तीस-सदतीसचं. रंगखात्यासाठी विलायतेहून एक चकचकीत कढई आली. तिला खालून वाफेच्या नळीचं जाड, काळं तोंड जोडायचं होतं. विजेचं वेल्डिंग मिलमध्ये एकटा चनमल्लप्पा करायचा, आणि आपल्याला ते येतं हे लोकांना सांगायचं कामही त्याने कधी दुसऱ्यावर सोपवलं नव्हतं.

"कढईला हात लावण्याआधी नमुना करायचा," इंजिनिअर मुकुंदराव म्हणाले. "एक काळा तुकडा, एक पांढरा. जोडायचे, आणि प्रेसमध्ये घालून बरोबर जोडावर वाकवायचे. तडा गेला नाही तर पद्धत पास. मग कढईवर तीच पद्धत, जशीच्या तशी. रेघभर फरक चालणार नाही."

"आन् तडा गेला तर?"

"तर मुंबईहून माणूस बोलवायचा. तुम्ही त्याच्या हाताखाली."

चनमल्लप्पा हसला. पण गेटवरच्या चहावाल्यापासून अक्कलकोटच्या सासऱ्यापर्यंत सगळ्यांना कढईचं सांगून झालं होतं. कुणाच्या हाताखाली जायला आता त्याला सोलापुरात तोंड उरलं नव्हतं.

मुकुंदरावांनी समजावलं, की काळा तुकडा आधी शेकून घ्यायचा. थंड लोखंड वेल्डिंगची ऊब एकदम ओढून घेतं, जोडाशेजारी कडक होतं आणि मग तडकतं. पांढऱ्याला शेक नको, तो तसाच बरा. किती तापलं हे मोजायचं यंत्र मुंबईहून निघालं होतं. दिवाळीपासून ते निघालेलंच होतं.

"यंत्र कशाला?" चनमल्लप्पाने डब्याच्या फडक्यातून चिमूटभर पीठ काढलं. "मंगळवेढ्याची ज्वारी हाय. कडंला टाकायचं. तांबूस झालं की लोखंड तयार."

मुकुंदरावांनी ते मान्य केलं. दुसरा इलाजही नव्हता.

लोखंड शेकलं, पीठ तांबूस झालं. चनमल्लप्पाने वेल्डिंगची कांडी उचलली, तोच मुकादम कल्लप्पा आडवा आला. खात्यात नवं काम निघालं की नारळ फोडण्याचा मान त्याचा.

"नारळाबिगर हात लावायचा न्हाय."

"मुकादम, तापलंय ते."

"सुम्नि इरो," कल्लप्पाने त्याला कानडीत गप्प केलं आणि नारळ कामावर फोडला. कामावर म्हणजे अगदी कामावर. पाणी तापल्या लोखंडावर पडलं, वाफेचा लोट उठला आणि सगळं खातं 'हर्र बोला हर्र' म्हणालं. असा शकुन पूर्वी कुणी पाहिला नव्हता.

जोड देखणा झाला. प्रेसमध्ये मात्र पट्टी थोडी वाकली आणि टक् म्हणाली.

चनमल्लप्पा खाली बसला. मुकुंदरावांनी तुकडा उजेडात धरला. काळ्या बाजूला जिथे नारळाच्या पाण्याचा ओघळ जळून डाग पडला होता, तडा तिथूनच निघाला होता.

"शेकलेलं लोखंड तुम्ही निववलंत, वर ओलंही केलंत," ते म्हणाले.

"म्हंजे तडा देवानं पाडला म्हन्ता?" कल्लप्पाने विचारलं.

"देवानं नाही हो. नारळानं."

"नारळ देवाचाच की."

आता नारळ बंद म्हटलं असतं, तर दुपारपर्यंत खातं बंद पडलं असतं. मुकुंदराव जपून म्हणाले, "नारळ हवाच. पण शेकायच्या आधी."

"काम सुरू व्हायच्या तोंडावर फोडायचा. रीत बदलायची न्हाय."

तेव्हा चनमल्लप्पा उठला. मुंबईचा माणूस त्याला प्रत्यक्ष दिसायला लागला होता. "मुकादम, वयनी भाकरीला बसत्यात. काम कवा सुरू हुतं? भाकरी तव्यावर पडल्यावर, का चूल पेटल्यावर?"

"चूल पेटल्यावर. त्यात काय इचारतोस?"

"मग शेकणं म्हंजे आपली चूलच की. तुमी तर नारळ भाकरी तव्यावर टाकताना फोडला."

कल्लप्पाने बराच वेळ मिशीवरून हात फिरवला. "व्हय," तो शेवटी म्हणाला. "नारळ उशिरा फुटला. नारळाची चूक झाली."

मुकुंदरावांनी आणखी एक नमुना मंजूर केला, शेवटचा. दुसऱ्या दिवशी आधी नारळ फुटला, तुकडे कोरडे पुसले, काळा शेकला, पीठ तांबूस झालं, मग ते झाडून जोड घातला आणि गरम राखेत सावकाश निवू दिला. पट्टी प्रेसमध्ये वाकली, आणखी वाकली, पार घोड्याच्या नालासारखी झाली, पण तोंडातून शब्द काढला नाही. चनमल्लप्पा ती गळ्यात अडकवून गेटपर्यंत फिरून आला. चहावाल्याने ती दोनदा वाजवून बघितली.

मुकुंदराव प्रामाणिक होते. पास झालेली पद्धत त्यांनी जशी घडली तशी लिहून काढली. कढईच्या दिवशी बाहेरून सरकारी तपासनीस आले. उंच, कोरडे, चष्म्याआडून बघणारे. त्यांनी कागद वाचला आणि पुन्हा पहिल्या ओळीवर आले.

"नारळ?"

"चाचणी नारळासकट पास झाली आहे, साहेब."

तपासनीसांनी नियम आठवून पाहिला. नियम साफ होता: रेघभर फरक चालणार नाही. "फोडा मग," ते म्हणाले.

कल्लप्पाने आयुष्यात पहिल्यांदा सरकारी हुकमाने नारळ फोडला. काळं तोंड कढईला टेकवून पुसलं, शेकलं. चनमल्लप्पाने चिमूट सोडली.

"थांबा," तपासनीस म्हणाले. "ज्वारी कुठली?"

"मंगळवेढ्याची, साहेब."

"नक्की? मोडनिंबची नाही?"

"बायकोची शपत."

"ठीक. चालू द्या."

जोड निवला. वाफ सोडली, कढईत पाणी खदखदलं, जोडावर एक थेंब दिसला नाही. तपासनीसांनी सही केली, खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला आणि जाताना मुकुंदरावांना बाजूला घेऊन बजावलं, "पुढच्या कढईलाही हेच. खोबरं वाटायचं तेवढं कागदात राहिलंय. तेही घाला."