तीनपर्यंत फोन नको

दुपारी तीनपर्यंत फोन वाजला नाही, की खेस्के पास. हॉलंडात रीतच तशी. नापास झालेल्यांना शिक्षक आधी फोन करतात, मग बाकीच्यांनी घरावर झेंडा लावायचा आणि काठीच्या टोकाला जुनं दप्तर अडकवायचं. सतरा-अठरा वर्षांच्या पोरांचा हा सोहळा. खेस्के सत्तावन्न वर्षांची.

आई गेली तेव्हा ती पंधराची होती. गोठ्यात चौदा गाई होत्या, त्यामुळे दप्तर माळ्यावर गेलं ते गेलंच. दोन वर्षांपूर्वी तिनं मोठ्यांच्या संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं, तेव्हा बहीण म्हणाली होती, "या वयात कुणाला दाखवायचंय?" खेस्केला कुणालाच दाखवायचं नव्हतं. ते दप्तर एकदा वाऱ्यावर हलताना बघायचं होतं, बस्स.

मागच्या अंगणात ती मटार सोलत बसली, फोन मांडीवर. जूनच्या उन्हात झाडांच्या पांढऱ्या म्हाताऱ्या तरंगत होत्या. डोळा लागला. गाई फळ्यासमोर रांगेत उभ्या होत्या आणि आई खडूनं एकेकीच्या पाठीवर गणिताचं उत्तर लिहीत होती. घरापुढच्या कालव्यातून नावांचे भोंगे ऐकू येत होते. सकाळपासून चाललं होतं. वीबेनं पूल उघडायला उशीर लावलाय वाटतं, असं तिला झोपेतच वाटलं. वीबे तिचा नवरा; नावा आल्या की कालव्यावरचा पूल उचलायचं त्याचं काम.

पावणेतीनला फोन वाजला. मटार सगळे गवतात.

"खेस्के, फोन आला का गं?" वीबेच.

"तूच केलायस, मेल्या. ठेव आधी."

तीन वाजले. सव्वातीन झाले तरी तिचा घड्याळावर विश्वास बसेना. शेवटी ती माळ्यावर चढली. दप्तर जागेवर नव्हतं. आपणच कधी टाकून दिलं की काय? खाली येऊन तिनं पुढचं दार उघडलं, एरवी कुणी वापरत नाही ते.

झेंडा फडफडत होता. काठीच्या टोकाला तिचं दप्तर हलत होतं.

वीबे सायकलवरून उतरला.

"कधी लावलंस?"

"सकाळी सहाला, कामावर जाताना."

"आणि शाळेचा फोन आला असता तर?"

"तर म्हणालो असतो, वास मारत होतं, उन्हात घातलंय."

कालव्यातून एक नाव गेली. नावाड्यानं वर दप्तराकडे पाहिलं आणि भोंगा वाजवला. खेस्केला रडू आलं. रडतारडताच तिनं हात वर केला.