साडेचार मिलिमीटर

जीग्लिंडे गेल्याचा फोन इस्पितळातून आला, तेव्हा एकबर्ट तळघरात तिच्याच इंजिनाची चाकं पुसत होता. त्यानं ऐकून घेतलं, "बरं" म्हणाला आणि राहिलेली चाकंही पुसली.

तळघरात खेळण्यातल्या रेल्वेची दोन छोटी गावं होती. भिंतीकडचं त्याचं, खिडकीकडचं तिचं. तो पश्चिम जर्मनीतला. त्याच्या रुळांमध्ये साडेसोळा मिलिमीटरचं अंतर. ती पूर्वेकडची; तिच्या रुळांमध्ये बारा. देश एक झाला, यांचं लग्न झालं, पण रूळ कुणीच बदलले नाहीत. तो तिच्या गाडीला उंदरांची वरात म्हणायचा. ती म्हणायची, "आधी तुझ्या म्हशी वळणावर वळवून दाखव."

तिच्या गाडीत खिडकीशी निळ्या कोटातली नखाएवढी बाई बसलेली असे. ही मीच, असं ती सांगायची. त्या बाईनं एकदा भिंतीकडच्या, त्याच्या स्टेशनात उतरावं, एवढंच आता एकबर्टला हवं होतं.

दफनानंतर कॉफी-केकला आलेली त्यांच्या छोट्या रेल्वेवाल्यांच्या क्लबची मंडळी रेल्वेच्या टोप्या घालून थेट तळघरात उतरली. तिची गाडी त्याच्या स्टेशनात कशी आणायची, यावर हातात बशा घेऊनच मतदान झालं. कुणीतरी शंका काढली, की मापं वेगळी असल्यानं ती बाई एकबर्टच्या स्टेशनमास्तरच्या जेमतेम खांद्याला लागेल.

"माझ्याही तेवढीच लागायची," एकबर्ट म्हणाला.

शेवटी तिसरा रूळ टाकायचं ठरलं: एका बाजूचा रूळ दोन्ही गाड्यांना सामाईक, दुसऱ्या बाजूला ज्याचा त्याचा. काम सुबक झालं. फक्त सामाईक रूळ सवयीनं पुढच्या बाजूला पडला, कारण प्रदर्शनात लोक पुढून बघतात. फलाट मागे होता.

तिची अरुंद गाडी पुढच्या रुळाला धरून आली आणि फलाटापासून लांबच थांबली. अध्यक्ष फोल्कमारनं जास्तीची फट मोजली. साडेचार मिलिमीटर. तिचं गाव खऱ्यापेक्षा एकशेवीस पटीनं लहान, म्हणून त्यानं तेवढ्यानं गुणलं. अर्ध्या मीटरहून जास्त भरली.

तोंडातली शिट्टी काढून तो म्हणाला, "एकबर्ट, एवढ्या फटीवरून प्रवासी उतरवता येणार नाही."

"मी उचलून ठेवतो तिला."

"गाडीला हात लावायचा नाही. नियम तूच केलायस."

ते खरं होतं. एकबर्टनं सगळ्यांना उरलेला केक बांधून दिला.

सामाईक रूळ उखडून फलाटाच्या बाजूला टाकायचा आहे. ते अजून झालेलं नाही. बाई गाडीतच बसून आहे.