कडीची दुसरी वेलांटी

तिसरीतल्या त्या मुलीचं तोंड वर्गात कधी बंद नसे, म्हणून बाईंनीच तिचं नाव टकळी ठेवलं होतं. पण गेले पंधरा दिवस टकळी दुपारनंतर गप्प गप्प असायची, आणि बाईंना वाटायचं, पोरीला शिस्त लागली. शिस्त कसली डोंबलाची. ती लघवी दाबून बसलेली असायची.

त्याचं असं झालं होतं. मुलींच्या संडासाच्या दाराला आतून कडी नव्हती. कडीच्या जागी स्क्रूची चार भोकं होती, तीही गंजलेली. त्यामुळे आत जायचं तर बाहेरून दार दाबून धरायला एक विश्वासू मैत्रीण लागे. टकळीचीही होती एक, शेजारच्या बाकावरची. पण एकदा मैदानात मुलांची मारामारी जुंपली आणि ही बया दार सोडून बघायला पळाली. दार उघडलं ते सताड. समोर चौथीची अख्खी रांग हात धुवायला उभी होती. त्या दिवसापासून दोघींची कट्टी, आणि टकळीने शाळेत पाणी पिणंच सोडलं.

आता ही शाळा पाण्याच्या बाबतीत भलतीच जागरूक. दर दोन तासांनी पाण्याची घंटा व्हायची, सगळ्यांनी बाटल्या तोंडाला लावायच्या आणि बाईंनी तक्त्यावर बरोबरची खूण करायची. टकळीही बाटली तोंडाला लावी, ओठ मात्र घट्ट मिटलेले. बाटली भरलेलीच घरी जाई. आईने विचारलं की ती काहीतरी थाप मारी. पोट दुखायचं ते वेगळंच.

शेवटी तिने हिय्या केला आणि तक्रारपेटीत चिठ्ठी टाकली. पेटी निळी, नव्याकोऱ्या रंगाची, आणि वर्षभर रिकामी. हेडबाईंनी, म्हणजे सगळ्यांच्या मोठ्या बाईंनी, चिठ्ठी वाचली आणि कपाळाला हात लावला. 'मुलिंच्या संडासाला कडि नाहि.' एका ओळीत तीन चुका! चिठ्ठी वर्गाच्या बाईंकडे गेली, बाईंनी अक्षर ओळखलं आणि लाल शाईत शेरा मारून ती टकळीला परत दिली. कडी, दुसरी वेलांटी, दहा वेळा लिही. टकळीने दहा वेळा कडी लिहिली. संडासाला एकही लागली नाही.

दुसऱ्या चिठ्ठीत तिने जीव ओतला. आईकडून पेन्सिलीला टोक काढून घेतलं, पट्टीने ओळी आखल्या, एकेक वेलांटी तपासली. 'मुलींच्या संडासाला कडी नाही. कृपया कडी लावावी.' बाईंचा ऊर भरून आला. मोठ्या बाईंनी तर ती चिठ्ठी पुठ्ठ्यावर चिकटवून ऑफिसबाहेरच्या 'सुंदर हस्ताक्षर' फळ्यावर लावली आणि कोपऱ्यात चांदणी डकवली. येणारे-जाणारे पालक थांबून वाचत आणि अक्षराच्या वळणाचं कौतुक करत. अर्थ वाचायला कुणाला सवड होती? टकळीने एकदा धीर करून सांगितलं, "बाई, ते खरंच आहे."

"हो गं," बाई म्हणाल्या, "खरंच सुंदर आहे."

आणि मग तपासणीच्या मॅडम आल्या. त्यांना दोनदा चहा झाला. पाण्याची घंटा दाखवताना मोठ्या बाईंनी आग्रह करकरून त्यांनाही मुलांबरोबर मोठा ग्लासभर पाणी पाजलं. मॅडमनी फळ्यासमोर थांबून 'वा' म्हटलं. मोठ्या बाई खुशीत शेऱ्याचा कागद आणायला ऑफिसात गेल्या, आणि इकडे मॅडमना निकड लागली. शिक्षकांच्या संडासाला कुलूप, किल्ली शिपाईकाकांच्या खिशात, आणि शिपाईकाका मॅडमसाठीच बिस्किटं आणायला गेलेले.

मधली सुट्टी होती. टकळी संडासापाशी घुटमळत होती, दार धरायला कुणी मिळतंय का बघत. मॅडम घाईघाईने आत शिरल्या, थोडं चाचपडल्या आणि त्यांनी डोकं बाहेर काढलं.

"बाळ, याला कडी नाही का गं?"

"नाही. मी लिहिलंय तसं. दुसऱ्या वेलांटीने."

मॅडमचा चेहरा बघून टकळीला त्यांची मनापासून दया आली. ती दशा तिच्याइतकी कुणाला ठाऊक होती? तिने पाय रोवून दोन्ही हातांनी दार दाबून धरलं. मैदानात चेंडूवरून भांडण पेटलं, तरी तिने मान वळवली नाही.

मॅडम बाहेर आल्या, हात धुतले, तिची पाठ थोपटली आणि निघाल्या. टकळीने त्यांची ओढणी धरली. मोठ्यांना असं अडवायचं नसतं हे तिला माहीत होतं, पण आता ते गेलं उडत.

"आता तुम्ही धरा," ती म्हणाली. "मला कुणीच नाहीये धरायला."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी पर्स खांद्यावर सरकवली आणि दार धरलं.

पंधरा दिवसांत पहिल्यांदाच टकळी शाळेत निवांत बसली. इतकं बरं वाटलं तिला, की डोळ्यांत पाणीच आलं. बाहेर चपलांची टपटप ऐकू आली, मग मोठ्या बाईंचा आवाज. मॅडम इकडे कुठे, मी सगळीकडे शोधतेय, 'मुलांच्या सोयी उत्तम' असं लिहूनच आणलंय, फक्त तुमची सही राहिलीय.

"थांबावं लागेल," मॅडम म्हणाल्या. "माझे हात अडकलेत."

टकळीचं केव्हाच आटपलं होतं, पण तिने मुद्दामच आणखी जरा वेळ लावला.