गाठ लहान झाली, एवढंच मी सांगेन

मित्रांनो, मी कॅलिपर. स्टीलचे दोन जबडे आणि अंगावर मिलिमीटरच्या रेघा, एवढाच माझा संसार. आता जुना झालोय, पण कोणाचं मन राखायला आकडा बदलला नाही आणि बदलणारही नाही.

कारखान्यातून निघालो तेव्हा वाटलं होतं, नटबोल्ट मोजत आयुष्य जाईल. आलो ते कर्करोगावर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळेत. इथे उंदरांच्या मांडीवरच्या गाठीला किरण देतात आणि ती गाठ मी मोजतो. पहिल्या दिवशी त्या ऊबदार, धडधडत्या अंगाला टेकताना माझं गार स्टील मलाच नकोसं झालं होतं. पण मला धरणारी ताई हलक्या हाताची. मऊ गाठ जरा दाबली की लहान भरते, म्हणून ती जबडे नुसते टेकवायची. कोणत्या पिंजऱ्याला कोणता उपचार दिलाय, हेही मोजताना स्वतःला कळू द्यायची नाही. कळलं की आशेने अंगठा जड होतो, असं म्हणायची.

मग प्रयोगशाळा चालवणाऱ्या सरांचं नवं औषध आलं. किरणांच्या जोडीला ते दिलं आणि गाठी बघता बघता अर्ध्यावर आल्या. नुसत्या किरणांनी त्या इतक्या भराभर उतरत नव्हत्या. सर तर मला हातात घेऊन खोलीभर नाचले.

"झालं! आता रुग्णालयाला कळवतो. रोग्यांना द्यायला लागू देत."

"सर, गाठ लहान झालीय, गेली नाहीये," ताई म्हणाली. "चार पेशी जगल्या तरी पुन्हा वाढेल. परत येते का ते बघू. खरं माप तेच."

"अगं, तू थांबशील. रोगी थांबतील? तुझ्या काकू थांबल्या का?"

सरांच्या पत्नी याच आजाराने गेल्या होत्या. ताईने मला त्यांच्या हातातून घेऊन हळूच टेबलावर ठेवलं.

"काकूंचीही गाठ लहान झाली होती, सर. 'बरी झाली' म्हणून तुम्हीच सगळ्यांना फोन केले होते."

सर खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. तिथूनच म्हणाले, "तसा फोन पुन्हा कुणाला करायला लावायचा नाही. थांबू या."

थांबलो. गाठी पुन्हा वाढून परत आल्या. नुसते किरण दिलेल्या उंदरांत जितक्या आल्या, तितक्याच औषधवाल्यांतही. औषध रुग्णालयात गेलं नाही.

राग मात्र माझ्यावर निघाला. "या डबड्यानेच घोळ घातला," असं म्हणून प्रयोगशाळेतल्या एकाने मला कप्प्यात भिरकावलं. का हो? गाठ अर्धी झाली होती, मी अर्धीच सांगितली. बरी झाली असं मी कधी म्हटलं? जे मला विचारलंच नाही, त्याचं उत्तर माझ्या तोंडी का घालता?

आज ताईने मला बाहेर काढलंय. नवे उंदीर आलेत. या वेळी सुरुवातीलाच फळ्यावर सरांच्या अक्षरात लिहिलंय, 'गाठ परत आली नाही, तरच जिंकलो.'

मित्रांनो, मला पुसून ठेवा, गंजू देऊ नका. मोजायला घेण्याआधी काय मोजायचं ते ठरवा. पण हवं तेच माझ्याकडून वदवून घ्यायला याल, तर आल्या पावली परत जा. मला ते जमणार नाही.