खांद्यावरच्या छक्क्या

कापाने हुकमाचा एक्का मुद्दाम दाबून ठेवला आणि नवऱ्याला, येफिमला, जिंकू दिलं. त्याने डाव्या हाताने सगळे पत्ते जमिनीवर लोटले.

“नको,” तो म्हणाला.

अर्धांगाचा झटका आल्यापासून त्याच्या तोंडात तेवढा एकच शब्द उरला होता. कोबीचं सूप पुढे केलं तरी नको, मुलीचं नाव काढलं तरी नको. मी गावची नर्स, त्याला इंजेक्शन द्यायला रोज जायची.

“बघितलंस ग्लाशा?” पत्ते गोळा करत कापा मला म्हणाली. “माझ्याशी जिंकला तरी रुसतो. आणि त्या डबड्याशी दिवसभर हरत बसतो.”

डबडं म्हणजे मोबाइल. आमच्याकडे नेट येतं ते फक्त दफनभूमीच्या टेकडीवर. म्हणून त्यांच्या मुलीने, लीदाने, बापाला नेटशिवाय चालणारा दुराक हा पत्त्यांचा खेळ घालून दिला होता. ज्याच्या हातात शेवटी पत्ते उरले तो दुराक, म्हणजे मूर्ख. मोबाइल येफिमला सकाळपासून मूर्ख ठरवायचा आणि तो अंगठ्याने पुन्हा नवा डाव लावायचा.

जन्मभर शाळेच्या बॉयलरवर कोळसा ओढला त्याने, आणि तिथेच बसून भल्याभल्यांना हरवलं. छक्की हा गड्डीतला सगळ्यात हलका पत्ता, पण हा दोन छक्क्या शेवटपर्यंत राखायचा. शेवटची उतारी त्या दोघींची झाली, की हरणाऱ्याच्या खांद्यांवर त्या फौजी फितींसारख्या ठेवायच्या, अशी आमच्याकडची रीत. लग्नाच्या आठवड्यातच त्याने कापाच्या खांद्यांवर त्या चढवल्या, तेही सासूसमोर. बिचारी रडली होती. पुढेही डावात त्याने तिला कधी सूट दिली नाही. खरं सांगायचं तर मला तो माणूस आवडायचा नाही.

“ते डबडं त्याची कीव करत नाही,” मी म्हणाले. “तू करतेस.”

कापा माझ्यावर चिडली. दोन दिवस मला चहासुद्धा विचारला नाही.

तिसऱ्या दिवशी गेले तर डाव रंगात आला होता. येफिमचे पत्ते उभे राहावेत म्हणून तिने बर्चच्या ओंडक्याला खाच पाडली होती.

“घे. हा पण घे,” ती म्हणत होती. “काय रे, ओंडका भरला का? की दुसरा तोडून आणू?”

लुळ्या माणसाला असं कुणी बोलतं का? मला तिथून उठून जावंसं वाटलं. गड्डी संपली. येफिमपुढे पत्त्यांची रांग होती, कापाच्या हातात दोनच. तिने ते खाली ठेवले. किलवरची छक्की आणि बदामाची छक्की.

ती उठली आणि नवऱ्याच्या खांद्यांवर एकेक छक्की ठेवली. उजवा खांदा उतरलेला, त्यावरची घसरायला लागली. तिथे तिने तळवा दाबून धरला.

येफिम हसला. अर्ध्याच तोंडाने हसला, लाळ हनुवटीवर आली. मग डाव्या हाताने टेबलावर थाप मारली. म्हणजे, पीस पुन्हा.

हिवाळाभर ती दोघं तशीच खेळली. मोबाइल चार्जिंग उतरून खिडकीत पडून होता.

नदीवरचं बर्फ फुटायला लागलं तेव्हा येफिम गेला. शवपेटी घरात ठेवली होती. कापाने त्याच्या कोटाच्या खांद्यांखाली दोन छक्क्या सारल्या. म्हाताऱ्या कुजबुजल्या, देवाच्या दारी माणसाला पत्ते देऊन पाठवते म्हणून.

“हरवलं तेव्हाच हसला तो,” कापा म्हणाली. “तसाच जाऊ दे.”

नवव्या दिवसाचं जेवण उरकलं, बायका गेल्या. भांडी विसळून मी आत आले तर कापा मोबाइल चार्जिंगला लावून खेळत बसली होती.

“आपल्या गड्डीत दोन कमी आहेत,” ती म्हणाली. “ह्यात सगळे आहेत.”

मी तिच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. दोन छक्क्या तिच्या हातात होत्या. त्या धरून ठेवून ती बाकीचे चांगले चांगले पत्ते घालवत होती आणि सरळ हरत चालली होती.

“अगं, छक्की टाक की,” मी म्हणाले. “उतारी तुझीच आहे.”

“नको,” कापा म्हणाली, आणि तिने राणी टाकली.