चुकले की दिसणारे विमान

मित्रांनो, माझ्या वाट्याचे आकाश तुमच्या अंगणाहून मोठे नाही. ते गोल आहे आणि त्याची कड काळ्या दगडाची आहे. नागपूरच्या दक्षिणेला, वर्धा रस्त्यापासून थोडी आत, खापरीजवळ संत्र्यांची एक बाग होती. त्या बागेतली मी जुनी विहीर. तळाशी पडून मी वर पाहत असते. त्या गोल तुकड्यात जे येते तेवढेच मला दिसते. बाकीचे सारे जग मला नुसते ऐकू येते.

देवाजी नावाच्या शेतकऱ्याने मला खोदले. सात पुरुष खोल गेल्यावर त्याच्या पहारीखालचा दगड ओला झाला, आणि त्या ओलीला त्याने कपाळ टेकवले. त्या स्पर्शातच मी जन्मले असे मला वाटते. पुढे कित्येक वर्षे मोटेचे चाक कुरकुरत राहिले, बैल उतारावरून गेले आणि परतले, पाटातून वाहत मी एकेका झाडाच्या मुळाशी पोचले. उन्हाळ्यात साऱ्या गावाच्या घागरी माझ्याकडे येत. देवाजीच्या विहिरीचे पाणी गोड, असे लोक म्हणत, आणि ते ऐकताना माझ्या पाण्यावर उगाच एक तरंग उठे.

एकाहत्तर सालच्या फाल्गुनात माझ्या आकाशात एक विमान शिरले. चिमटीत मावेल एवढे, पिवळे. एका काठातून ते उगवले, तिरपे होऊन थरथरले आणि दुसऱ्या काठात मावळले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले, तिसऱ्या दिवशी पुन्हा. मला वाटले, ते मलाच भेटायला येते. किती खुळी होते मी!

मग एका दुपारी सायकल थांबल्याचा आवाज आला, आणि केसांना घट्ट रुमाल बांधलेली एक मुलगी माझ्यात डोकावली. देवाजीची सून रंभाबाई तेव्हा पाणी शेंदत होती.

"काय पाहून राहिली वं विहिरीत? काही पडलं काय तुहं?"

"नाही मावशी. ही वरून रोज दिसते. म्हटलं, एकदा जवळून पाहावं."

"वरून? म्हंजे तो भुंगा तूच फिरवून राहिली काय? अवं, त्याच्या आवाजानं माही म्हैस दूध चोरते न!"

मुलगी हसली, आणि हसता हसताच माझ्या काठावर मटकन बसली. तिचे नाव पुष्पलता. तिचे वडील कामठीला मागावर लुगडी विणत. ती विमान चालवायला शिकत होती, आणि तिचे शिक्षक आनंदराव यांनी तिच्या धड्यासाठी मला निवडले होते. मला मध्ये धरायचे, माझ्यापासूनचे अंतर जराही बदलू द्यायचे नाही, आणि जमिनीवर नेमके वर्तुळ उमटेल असे उडायचे. पुष्पलता विमान सगळीकडे सारखेच कलते ठेवी. वारा तिचे वर्तुळ हळूहळू सरकवी, आणि दुसऱ्या फेरीत विमान थेट माझ्या डोक्यावर येई.

तेव्हा कुठे मला उमगले. ते मला भेटायला येत नव्हते. ते चुकले की मला दिसत होते.

"दोनदा नापास झाली मी, मावशी," ती म्हणाली. "सोमवारी शेवटची परीक्षा आहे. आता नाही जमलं तर नाव कमी करतात."

"मंग चूक कोणाची?"

"वाऱ्याची."

"वारा काय आजचा आहे वं?" रंभाबाईने बादली काठावर आदळली. "वेणा नदी पायी ओलांडली काय कधी? समोर पाहून नाकासमोर चाललं त् धार खाली नेते. धारेच्या उलट्या अंगाले जरासं झुकून चाललं त् बरोबर समोरच्या काठाले लागते. पावलापावलाले धार इचारा लागते, बाई."

पुष्पलता काठावरून उठली. मग दोन्ही हात पसरून ती माझ्याभोवती चालू लागली. वारा पाठीशी आला की जास्त कलायची, तोंडावर आला की हळूहळू सरळ व्हायची. मागून रंभाबाई ओरडत होती, "आता पाठीत आहे! वाक, अजून वाक! अवं, विहिरीत पडशीन, इतकी नोको!"

"मावशी, पण वरून वारा दिसत नाही," दमलेली पुष्पलता म्हणाली.

रविवारी ती वडिलांनी विणलेले लाल लुगडे घेऊन आली. सोमवारी ते माझ्या रहाटाच्या खांबावर वाळत घालायचे होते, पदर उडेल तिकडून वरून वारा कळावा म्हणून.

"नवंकोरं लुगडं वाळत घालू? लोक काय म्हणतीन?"

"म्हणा, पोरीनं वाऱ्याले लुगडं नेसवलं," पुष्पलता तिच्याच बोलीत म्हणाली.

सोमवारी सकाळी माझ्या आकाशाच्या कडेला तो लाल पदर फडफडू लागला. आवाज आला. मित्रांनो, तिला एकदा पाहावे असे मला फार वाटत होते, आणि ती दिसू नये असेही तितकेच वाटत होते. आवाज संत्र्यांवरून गेला, बाभळीमागून वळला, पहिली फेरी पूर्ण झाली. दुसऱ्या फेरीत वाऱ्याचा झोत आला. पदर ताडकन ताणला गेला, आवाज जवळ आला, अजून जवळ, अगदी माझ्या दगडी कडेपाशी. मी पाण्याचा एक थेंबही हलू दिला नाही. मग तो आवाज सावकाश दूर सरकला आणि आपल्या वाटेने वळत राहिला. माझ्या आकाशात निळा रंग आणि कडेचा तो लाल पदर यांशिवाय काहीच नव्हते.

"गोल गेली!" वर रंभाबाई टाळ्या पिटत होती. "बाप्पा, कशी गोल गेली पोरगी!"

संध्याकाळी पुष्पलता आली. तिने स्वतः बादली शेंदली, ती ओंजळीने पोटभर पाणी प्यायली, आणि ते लुगडे रंभाबाईच्या खांद्यावर टाकून गेली. त्यानंतर माझ्या आकाशात ती पुन्हा कधी आली नाही.

पुढे बागेत बोअर आली. रहाट काढून नेला. रंभाबाई गेली, संत्र्याची झाडे वाळली, आणि शेतात प्लॉटचे दगड रोवले गेले. आता माझ्यात फाटक्या चपला पडतात, फुटक्या बाटल्या पडतात. परवा टेप घेऊन आलेला एक माणूस म्हणाला, "हिला बुजवून टाकू." मी ताटाएवढ्या उरलेल्या पाण्याने त्याच्याकडे पाहिले.

पण काल दुपारी त्याच पाण्यात एक विमान उतरले. तिरपे, थरथरणारे. कोणीतरी नवे शिकते आहे. म्हणून तुम्हाला विनवते, मित्रांनो, माझ्यात काही टाकू नका आणि माझे तोंड झाकू नका. त्या शिकणाऱ्याला अजून काही दिवस मी वरून दिसायला हवी. मग एके दिवशी मला नुसता आवाज ऐकायचा आहे.